गल्लीचं बियाणं

बी हातात आलं की काकू ते आधी दाताखाली धरायच्या. पुढच्या दोन दातांत, अलगद. मान जराशी कलती करून, डोळे मिटून चावायच्या आणि कट्ट आवाज आला की म्हणायच्या, "वाजते. ठेव." आवाज नाही आला तर आणणारीकडं अशा बघायच्या, जसं काही तिनं ते चोरून आणलंय. "ओलं हाये अजून. उन्हात घाल, मंग ये." बी दुधीचं असो की वालाचं, काकूंच्या दाताखालून गेल्याशिवाय आमच्या गल्लीत त्याला कोणी बी म्हणत नसे.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. मी तेव्हा जऊळक्याच्या स्टेशनावर पार्सल बाबू होतो आणि स्टेशनाजवळच्याच गल्लीत बिऱ्हाड करून राहत होतो. काकू समोरच्या घरात एकट्या. नवरा शाळामास्तर होता, तो लवकर गेला. खऱ्या नात्यानं त्या फक्त किन्हीराजा गावच्या एका पुतण्याच्या काकू, पण गल्लीत त्यांना दुसऱ्या कोणत्या नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही.

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. कोणी नेमलेलं नसतं, पण गल्लीचं एकेक खातं त्यांच्याकडं चालत आलेलं असतं. कोणाकडं बाळंतपणं, कोणाकडं लोणची. काकूंकडं बियाणं होतं. प्रत्येक घरामागं परस, परसात दोडकी, कारली, दुधी, वाल. वेल वाळले की बायका आपापलं बी काकूंकडं आणून देत. काकू ते राखेत घोळून वाळक्या, पोकळ भोपळ्याच्या तुंब्यांत भरत, तुंब्याचं तोंड शेणानं लिंपत आणि तुंबे चुलीवरच्या आढ्याला टांगत. धुरामुळं कीड लागत नसे, उंदीर तिथवर जात नसे. मृगाच्या तोंडावर जिचा तुंबा तिला परत. बाजारात भाजीला हात लावायची सोय राहिली नव्हती, त्यामुळं या तुंब्यांवर साऱ्या गल्लीचा पावसाळा निघायचा.

एका पावसाळ्यात काकूंच्या वेलाचे दुधी कडू निघाले. कडू म्हणजे असे की पहिल्या घासाला माणूस ताटावरून उठावा. आता काकूंचा स्वभाव असा, की स्वतःचे दुधी कडू म्हणजे साऱ्या गावाचे कडू. त्यांनी जाहीर करून टाकलं की गल्लीचं सगळं बी थकलं, आता नवीन मागवायचं. पुण्याकडच्या एका बियाण्याच्या दुकानाचं सूचीपत्र त्यांनी कुठून तरी मिळवलं आणि माझ्या ओट्यावर येऊन बसल्या.

"बाबू, लिही."

मी लिहायला बसलो. फाल्गुनातली दुपार होती आणि ऑर्डर काही संपेना. पिंजाऱ्याच्या घरच्या खालांना लांब वांगी हवी होती. शेजारच्या गोदाला, जिच्या घरात खाणारी तोंडं मोजता यायची नाहीत, लवकर फळणारं काहीही चालणार होतं. काकू एकेक चित्र डोळ्यांजवळ नेऊन पारखत. "हा दुधी पाह्य कसा. वेलावर इतका सरळ दुधी म्या जल्मात नाही पाह्यला. खोटा हाये हा." मग थोडं थांबून, "लिही तरी."

सगळं लिहून झाल्यावर त्यांनी आढ्यावरचे तुंबे उतरवले आणि बायकांना वाटून दिले. "हे कोंबड्यायपुढं टाका. जुनं घरात राह्यलं त तुमी तेच पेरसान, मले माहीत हाये." स्वतःचा तुंबा त्यांनी आमच्या देखत फोडला आणि बी उकिरड्यावर उधळलं. बायका माना डोलवून आपापले तुंबे घेऊन गेल्या.

त्यानंतर काकूंनी माझं जगणं अवघड केलं. गाडीची शिट्टी झाली की त्या पार्सलच्या खिडकीशी हजर. लष्कराच्या मालापुढं बियाण्याची पेटी कोण विचारतो? मी दरवेळी मान हलवायचो आणि त्या मलाच दोषी धरून परत जायच्या. चैत्र गेला. वैशाख लागला आणि एका दुपारी पेटी आली. काकूंनी ती स्वतः डोक्यावर घेतली, हमालाला हात लावू दिला नाही.

रंगीत चित्रांच्या कागदी पुड्या होत्या. काकूंनी प्रत्येक पुडीतलं एकेक बी दाताखाली धरलं. सगळी वाजली. बायका पुड्या मागू लागल्या, पण काकू कसल्या देतात! "घरी नेऊन लेकरायच्या हाती देसान. मृगाले या." बी तुंब्यात घातलं तर कोणतं कोणतं कळणार नाही म्हणून चित्रांच्या पुड्या तशाच राहू दिल्या, शिंक्यात घातल्या आणि शिंकं टांगलं. कुठं? तर जिथं आजवर गल्लीचं बी टांगत आल्या तिथंच, चुलीवर. त्याहून सांभाळाची जागा त्यांना माहीत नव्हती.

मृग जवळ आला. पेरण्याआधी काकू प्रत्येक जातीचे थोडे दाणे ओल्या फडक्यात बांधून ते फडकं कमरेला खोचून ठेवत. अंगाच्या उबेनं मोड येतो. त्यांच्या कमरेला फडकं दिसलं की साऱ्या गल्लीला कळे की हंगाम आला. त्या वर्षीही ते दिसलं. गोदा येताजाता विचारायची, "काकू, मोड आले काय?"

"घाई कायले करतं? नवीन बी हाये, त्याले येळ लागते."

दोनतीन दिवसांत काकूंचं बोलणं कमी झालं. त्यांनी फडकं बदललं, दाणे बदलले, पुन्हा बांधलं. आमच्या ओट्यावर येणं बंद झालं. गोदा विचारायला गेली की त्या आतून नुसता हुंकार देत. गल्लीत सगळ्यांनी आळी खणून, खत घालून तयार ठेवली होती आणि कोणी कोणाशी त्याबद्दल बोलत नव्हतं. माझी बायको सुद्धा पाणी भरून आली की सरळ चुलीशी जाऊन बसायची.

मग एका सकाळी काकू स्टेशनात आल्या. कमरेचं फडकं सोडून त्यांनी माझ्या टेबलावर पसरलं. दाणे फुगून मऊ पडले होते, त्यांना आंबूस वास येत होता. एकालाही मोड नव्हता.

"चुलीनं शिजले, बाबू," त्या म्हणाल्या. "तुंब्यातलं बी राखेत राह्यते, त्याले आच नाही लागत. कागदाले काय हाये? म्याच टांगलं."

"पुन्हा मागवू."

"तार कर. आजच कर."

तार करून उपयोग नव्हता. खाजगी मालाचं बुकिंग त्या आठवड्यात बंद होतं आणि कधी सुरू होईल ते वरच्यांनाही ठाऊक नव्हतं. मी ते सांगितलं. काकू बाकावर बसल्या. गाडी आली, गेली, फलाट रिकामा झाला तरी बसून होत्या. मला त्यांच्याकडं बघवेना. शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, "बोलवा लागन सगळ्यायले."

दुपारी त्यांच्या परसात बायका जमल्या. मी परसाच्या कुडापाशी उभा होतो. बायकांचं काम होतं, पण पाय निघत नव्हता. काकू मधोमध उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

"बी मेलं," त्या म्हणाल्या. "म्या मारलं. तुमचं जुनं बी म्या फेकाले लावलं आन् नवीन म्याच जाळलं. आता पावसाळाभर लेकरायच्या ताटात काय वाढसान ते मले इचारू नोका. मले ठावं नाही."

गोदा पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. मग ती उठली आणि काही न बोलता निघून गेली. काकूंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, रागावून गेली. मलाही तसंच वाटलं. पण गोदा परत आली, तेव्हा पदराखाली तिचा तुंबा होता. तोंड लिंपलेला, जसाच्या तसा.

"काकू, राग नोको येऊ देऊ. म्या फेकलं नोतं."

तिच्या पाठोपाठ खाला उठल्या. मग दुसरी. मग माझी बायकोही उठली आणि आमच्या घरात कणगीमागं एक तुंबा लपवलेला आहे हे मला तेव्हा कळलं. बघता बघता काकूंच्या पुढ्यात तुंब्यांची रास पडली. गल्लीतल्या एकीनंही बी टाकलं नव्हतं.

गल्ली वाचली होती. काकूंना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा आवाज असा चढला की रस्त्यावरचा माणूस थांबला. "म्हंजे मी येकटीच येडी! म्याच फेकलं! माह्यावर भरोसा नोता त तोंडावर काहून नाही सांगतलं?"

खाला शांतपणे म्हणाल्या, "तुझपे था, काकी. वो कागज की पुडीपे नै था."

खरं कारण निराळं होतं, ते मला नंतर बायकोनं सांगितलं. आधल्या पावसाळ्यात कडू दुधी फक्त काकूंच्याच वेलाला आले होते. बाकी कोणाचे नाही. हे साऱ्या गल्लीला माहीत होतं आणि काकूंना सांगायची कोणाची छाती नव्हती. छाती नव्हती म्हणतो, पण खरं म्हणजे सांगून त्यांना दुखवायचं कोणाच्याच मनात नव्हतं. ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात प्रत्येकीनं आपल्या तुंब्यातलं थोडं बी काकूंना दिलं. त्यांनी ते लावलं, पण बोलणं मात्र तुटक झालं. वेल वाळल्यावर खाला आपलं बी घेऊन गेल्या, तर काकू दार अडवून उभ्या राहिल्या. "माह्या घरी नोका ठेवू. माह्या हातानं मरते ते." खालांनी वाद घातला नाही. बी उंबऱ्यावर ठेवलं आणि त्या चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी गोदानं तेच केलं. आठवडाभर उंबऱ्यावर बी जमत राहिलं. मग एका सकाळी तिथं काही नव्हतं आणि आतून ओळखीचा आवाज आला, कट्ट.

पुढच्या फाल्गुनात काकू तापानं गेल्या. मोठं दुखणं नव्हतं, दोन दिवसांत आटोपलं. तेरावा झाल्यावर किन्हीराजाचा पुतण्या घर बंद करायला आला. भला माणूस होता. त्यानं आढ्यावरचे तुंबे उतरवले आणि बायकांना हाक मारली. प्रत्येकीनं आपला तुंबा ओळखून घेतला. त्यानं कुलूप लावलं, सर्वांना नमस्कार केला आणि तो बैलगाडीत बसून गेला.

बायका तुंबे छातीशी धरून रस्त्यातच उभ्या होत्या. घरं समोर होती, दारं उघडी होती, पण एकही जात नव्हती. शेवटी गोदानं विचारलं, "आता हे ठेवाचं कोठी?"

चूल प्रत्येकीच्या घरात होती, आढं होतं, शिंकं होतं.