बहिणीचं बघायचं काम

माझ्या बहिणीनं मरत्या बापाचं तोंड पाहिलं नाही, असं आमचे नातलग धारणीपासून तेल्हाऱ्यापर्यंत बोलतात. बाबांच्या जलदानविधीच्या दिवशी आत्यानं तर भर पंगतीत तिला दगड म्हटलं. मी तेव्हा गप्प बसलो, त्याची आजही लाज वाटते. कारण तिला त्या कामाला मीच लावलं होतं.

काम घरबसल्या होतं. बहीण बी.ए. झालेली, लग्न केलेलं नाही, अमरावतीत बाबांसोबत राहायची. मी अकोल्यात नोकरीला. ऑफिसातल्या एकानं सांगितलं की कॉम्प्युटरला शहाणं करायचं काम आहे, व्हिडिओ बघायचे आणि त्यात काय दिसतं ते लिहायचं. मला वाटलं, फुलांचे, रस्त्यांचे, गायीबैलांचे असतील. लॅपटॉपही मीच घेऊन दिला आणि आमची बाई, घरात तिला बाईच म्हणतो, एआयमध्ये आहे म्हणून चार लोकांत मिरवलं. मूर्खच मी!

ते व्हिडिओ माणसं मारल्याचे होते. कापलेली, जाळलेली, गाडीखाली आलेली माणसं. मशीनला असलं ओळखता यावं म्हणून आधी कुणीतरी माणसानं ते बघायचं. मारहाण कोणत्या सेकंदाला सुरू झाली, माणूस हलायचा कोणत्या सेकंदाला थांबला, ते नोंदवायचं. दिवसभर हेच. घरातही कुणाला सांगायचं नाही, असं लिहून घेतलेलं. जे स्वतःच्या पोरींना असलं कधी बघू देणार नाहीत, त्यांनी ते आमच्या पोरींना बघायला लावलं. उंटावरून शेळ्या हाकतात साले.

आमच्या मोहल्ल्यात मरणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. कुणीतरी जवळ बसतं, हात धरतं, चमच्यानं तोंडात पाणी सोडतं. बहीण हे शाळेत असल्यापासून करायची, लोक तिलाच बोलवायला यायचे. तीच सवय तिनं या कामात नेली. व्हिडिओ पळवत बघायची मुभा होती, बाकीच्या पोरी तसंच करायच्या. ही मात्र प्रत्येक माणसाला शेवटपर्यंत बघायची. शेवटी मला सारं कळलं तेव्हा मी चिडलो, पळव की पुढं म्हणालो. ती म्हणाली, "कोनी त पायजे ना रे दादा त्याच्याजवळ."

वर्षभरात तिचं जेवण सुटलं. घरात मटण शिजणं बंद झालं. बाहेर गाडीचा ब्रेक करकरला की हातातलं भांडं खाली पडायचं. आणि एक दिवस काम हळू होतं म्हणून कंपनीनं तिला काढून टाकलं. मी त्यांच्या माणसाला फोन लावला, तिच्या उपचाराचं काय ते विचारलं. तो गोड आवाजात म्हणाला, की ताई आमच्या कामगार नव्हत्याच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन तापू नये म्हणून त्याला पाण्यानं गार ठेवतात म्हणे. इकडे अकोल्यात आम्ही रिकामे ड्रम मांडून नळाची वाट बघतो, आणि तिकडे मशीनचे लाड! या पोरीच्या डोक्यावर ओली पट्टी ठेवायला मात्र कुणी नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांना सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. एका दुपारी डॉक्टर म्हणाले, आता जवळ बसा. बाबा सारखं विचारत होते, "बाई कोठी हाय?" बाई जिन्यात बसली होती. मी जाऊन समजावलं, हाताला धरून ओढलं, मग ओरडलोच. म्हटलं, साऱ्या जगाजवळ बसलीस आणि सख्ख्या बापाजवळ बसवत नाही तुला?

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मले समजते दादा, बसा लागते. पन मी बसली त सेकंद मोजीन. बाबाचा हात कोनत्या सेकंदाले थांबला, थे पाहीन. आपोआप होते थे माह्याकडून. बाबाले तसं नोको पाहू देऊ मले."

मी एकटाच परत गेलो. बाबांचा हात धरला आणि बाई येतेच आहे, असं त्यांना खोटं सांगितलं.