फाटकाला तेल

विक्रोळीचं फाटक किती वेळ बंद राहील, हे त्या फाटकालाही ठाऊक नसायचं. एक गाडी गेली म्हणून स्कूटरवाल्यांनी किक मारावी, तर उलट्या बाजूने दुसरी. ती गेली की मागून मालगाडी, सावकाश, घरचं कार्य असल्यासारखी. शेवटी दांडा वर गेलाच, तर दोन्हीकडच्या टेम्पोंनी समोरासमोर तोंडं खुपसून वाट लावून ठेवलेली. त्यामुळे उशिराला याच्याइतकं उत्तम कारण दुसरं नव्हतं. दहा मिनिटं म्हणा, पाऊण तास म्हणा, खोटं कोण पाडणार?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी साकीनाक्याला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. नवीन लग्न झालेलं. सासर फाटकापलीकडे, पूर्वेला. आणि अलीकडे, बसस्टॉपजवळच, माझी आई. एकटी. संधिवाताने गुडघे धरलेले. मी जाऊन तेल चोळलं नाही, समोर बसून दोन घास खाऊ घातले नाहीत, तर ही बाई चहा-पावावर दिवस काढायची. माझ्याकडे चल म्हटलं तर, "लेकीच्या घरचं पाणी पिऊ होय?" वर मलाच दम, "रोज येतेस हे तिकडे कळता कामा नये. म्हणतील, हिला लेक सोडवत नाही."

म्हणून मी रोज घरी पोचले की एकच वाक्य म्हणायचे, "फाटक पडलं होतं."

सासूबाई मालवणच्या. साठीतही जिना दडदडा चढायच्या. बोलणं कमी, पण झोंबणारं. एकदा म्हणाल्या, "बाकीची माणसां खालसून वाकान येतत गो. तुका वाकूक काय झालां?"

"साडी मळते," मी म्हटलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मी मनात म्हटलं, सुटले बाई.

थंडी पडली आणि आईचं दुखणं वाढलं. तिने जेवण जवळजवळ टाकलंच. सासरहून डबा न्यावा तर ती हात लावायची नाही, आणि तिथेच रांधून भरवायचं तर घड्याळ पाठीशी. ही अशीच वाळत जाणार आणि मी फाटकाची कारणं सांगत बसणार, या विचाराने झोप उडाली. माझं फाटक रोज जास्तच वेळ पडायला लागलं. अशाच एका संध्याकाळी घरी आले, सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तो घेताना माझा हातच धरून नाकाशी नेला.

"फाटकाक तेल लावतत काय गो हल्ली?"

मी रडलेच. सगळं सांगून टाकलं. त्या तांब्या उचलून आत गेल्या. रात्रभर मी धास्तावलेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आईच्या दारात पोचले, तर आत सासूबाई. मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात गरम पेजेचा डबा. आई मान फिरवून म्हणत होती, "लेकीच्या घरचं आम्ही खात नाही."

"लेकीचां नाय," सासूबाईंनी तोडलं. "ही विहिणीन आणलेली पेज. विहिणीचो मान मोडूचो आसा तर मोडा, मी उठतंय."

आता विहिणीचा मान मोडायची छाती कोणाची? आईने वाटी उचलली. ती खात होती आणि मी चपला न काढता उंबऱ्यातच उभी. इतकं बरं मला लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

त्यानंतर विहिणीचा डबा रोज माझ्याबरोबर जायचा, आणि संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की सासूबाई विचारायच्या, "फाटक जेवलां काय गो?"

"जेवलं. आमटीत मीठ कमी म्हणालं."

"जिभेक हाड नाय त्या फाटकाच्या," त्या म्हणायच्या. नवरा आम्हा दोघींची तोंडं बघत राहायचा.

आई पुढे काही वर्षं होती. ती गेल्यावर सुट्टी संपवून मी पहिल्यांदा कामावर गेले. संध्याकाळी बसमधून उतरले आणि सरळ चालत निघाले. एवढी वर्षं छळलं मेल्याने, नेमकं त्या दिवशी फाटक सताड उघडं. उजेड होता तोवर घरी.

सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन तेलाची बाटली घेऊन आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि लुगडं वर सारलं.

"माजी पण ढोपरां दुखतत गो," म्हणाल्या. "लाव जरा."

मी तळहातावर तेल घेतलं आणि बराच वेळ चोळत बसले.