पेटीचा खालचा थर

कौसल्याबाईंकडे ताराबाईंचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते संत्र्याच्या हातगाडीपाशी. दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. शहराच्या कडेला, बेसा गावालगतच्या त्यांच्या इमारतीच्या फाटकाशी सकाळी एक गाडीवाला उभा राहायचा. त्या दिवशी गाडीसमोर एक ठेंगणी, साठी ओलांडलेली बाई उभी होती, आणि ती संत्री घेत नव्हती, निवडत होती. डाव्या हातानं फळ उचलायचं, उजव्या अंगठ्यानं देठाजवळ हलकेच दाबायचं आणि तीन ढिगांपैकी एकात टाकायचं. हात इतका झरझर चालत होता की ताराबाई दुधाची पिशवी धरून तशाच बघत राहिल्या.

"ओ मावशी, घेनं हाये का नाही? माझा माल काहून इस्कटून राहिल्या?" गाडीवाला ओरडला.

बाईंनी मान वर केली नाही. "इस्कटत नाही बाप्पा, लावून देऊन राहिले. हे सहा आजच वीक. उद्यापर्यंत बाकीच्याईले घेऊन बसतीन."

मग दोन संत्री घेतली, पैसे दिले आणि निघून गेल्या. गाडीवाल्यानं ते तीन ढीग मोडायला हात पुढे केला, जरा विचार केला आणि तसेच राहू दिले.

ताराबाई विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या. माणसाची माहिती पूर्ण भरून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जिन्यात गाठून त्यांनी विचारलंच. कौसल्या मेश्राम, तिसरा मजला. मुलगा रोशन, सून पिंकी, दोघंही नोकरीवाले. कौसल्याबाईंनी स्वतः एकतीस वर्षं कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची छाटणी, म्हणजे मालाची प्रतवारी, केली होती. गुडघे दुखायला लागले तेव्हा मुलानं काम सोडायला लावलं आणि इकडे आणलं.

ओळख झाली ती तळ्यानं वाढवली. इमारतीपासून वीस मिनिटांच्या चालीवर एक जुना बंधारा आहे. नव्या लेआउटांच्या मधे कसं कोण जाणे राहून गेलेलं पाणी. कौसल्याबाई रोज सकाळी तिथे जात. महिनाभरात ताराबाईही जाऊ लागल्या. कौसल्याबाईंना पक्ष्यांची पुस्तकातली नावं ठाऊक नव्हती. तांबड्या काडीसारख्या लांब पायांचे ते "काडीपाये". चपट्या चोचीचे ते "पळीवाले". आणि डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या रेघा असलेली, डिसेंबरात थव्यानं उतरणारी राखी हंसासारखी पाखरं, ती "दोन रेघी". ताराबाईंनी पुस्तक आणून दाखवलं की त्यांना पट्टकादंब म्हणतात आणि ते हिमालय ओलांडून येतात.

"हिमालयावरून?" कौसल्याबाई म्हणाल्या. "अन् आपल्या बंधाऱ्यावर? त्याईले पत्ता कोन देते?"

सात वाजले की बंधाऱ्यावरूनच त्या सिंधूताईला फोन लावीत. सिंधूताई म्हणजे छाटणीच्या कामातली त्यांची जोडीदारीण. एकतीस वर्षं दोघी एकाच ढिगाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या. एका लांबलेल्या तापातून उठल्यावर सिंधूताई मुलाकडे रायपूरला गेली, त्यालाही दोन वर्षं होत आली होती. फोनवर कौसल्याबाईंचा आवाज एक पट्टी वर चढायचा. "इकडं भल्ली मजा हाये वं सिंधू! पानी कसं, काचेवानी! पोरगा-सून तं मले एकटं सोडतच नाही." ताराबाई पाण्याकडे बघत. पाणी वाईट नव्हतं, पण काचेसारखंही नव्हतं. दुसऱ्या वाक्याबद्दल त्यांनी कधी विचार केला नाही.

यंदा जानेवारीत कौसल्याबाईंनी पहिल्यांदा ताराबाईंकडे काही मागितलं. बेसा गावातल्या जुन्या वस्तीत एक खोली रिकामी झाली होती, अंगणात नळ, दाराशी शेवग्याचं झाड. ती सिंधूताईनं घ्यावी असं कौसल्याबाईंच्या मनात होतं. घरमालकीण रविवारपर्यंत थांबायला तयार होती. शुक्रवारी संध्याकाळी सिंधूताई रायपूरहून त्यांच्या घरी यायची होती, रविवारी परत जायची होती. शनिवारची एक सकाळ काय ती हातात.

"तिले तळं दाखवाचं हाये, मॅडम. पाखरं दाखवाची हायेत. पाहून घेतलं तं राहते ती, मले माहीत हाये. तिच्यानं एवढं चालनं होत नाही. तुमची गाडी..."

"अहो, गाडी काय, मीच येते की."

"अन् मॅडम, नाल्याकडून नका घेऊ. वरच्या रस्त्यानं घ्या."

ताराबाईंना कळलं. तळ्याच्या खालच्या अंगाला नव्या लेआउटांचा नाला येऊन मिळतो. तिथे बांधकामाचा मलबा टाकतात, वास येतो. त्या बाजूला दोघीही कधी गेल्या नव्हत्या.

शनिवारी सकाळी ताराबाईंच्या जुन्या मारुतीच्या मागच्या सीटवर सिंधूताई बसली. उंच, काटकुळी, मोतीबिंदू काढल्यावरचा जाड चष्मा. बसल्या बसल्या तिनं गाडीचं दार दोनदा उघडून लावून पाहिलं. "बिजागरी ढिल्ली हाये," ती म्हणाली.

"जयभीम घाल आधी मॅडमले, मंग बिजागरी पाह्य," कौसल्याबाई दटावून म्हणाल्या.

"जयभीम मॅडम. बिजागरी ढिल्ली हाये."

वरचा रस्ता लांबचा, पण छान. दोन्ही अंगांना तुरी उभ्या, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. कौसल्याबाई सारा वेळ बोलत होत्या. हे बोरीचं झाड, याची बोरं गोड. ते गणेशबागेचं फाटक, आत झोपाळे. एका वळणावर तुरीतून एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, मान काढून उभा होता, घोड्याएवढा, निळसर राखी. कौसल्याबाईंनी सिंधूताईचा हात इतका घट्ट दाबला की ती कळवळली.

"पाह्यलं? पाह्यलं का? रायपुरात हाये का असं?"

"रायपुरात गाई हायेत," सिंधूताई म्हणाली. पण रोही दिसेनासा होईतो ती मागे वळून बघत राहिली.

बंधाऱ्यावर ऊन नुकतं आलं होतं. पाण्यावर पातळ धुकं, कडेला कमळाची पानं. कौसल्याबाईंनी जागा आधीच हेरून ठेवली होती. दगडी कट्टा, पाठीशी कडुनिंब, समोर सगळं तळं. घरून आणलेली सतरंजी त्यांनी अंथरली, थर्मासातला चहा ओतला. सगळं जमलं होतं. फक्त पाखरं नव्हती.

एक टिबुकली, मुठीएवढं पाणपाखरू, वर आली, इकडेतिकडे बघून बुडाली. बस्स. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. कौसल्याबाई उठून कट्ट्याच्या टोकापर्यंत गेल्या, कपाळाशी हात धरून उभ्या राहिल्या, परत आल्या.

"काल होते वं. परवाबी होते. सकाळी इथं बसतेत, मंग त्या बाभळीच्या मांगं उडून जातेत, वावराकडं. आज लवकरच गेले वाटते."

"असू दे ना. पानी बरं हाये," सिंधूताई म्हणाली.

हे 'बरं हाये' ऐकताना कौसल्याबाईंचा चेहरा असा झाला की ताराबाईंनीच नजर काढून घेतली. बाजारात माल पसंत नसला की गिऱ्हाईक असंच म्हणून पुढे जात असणार.

सिंधूताईनं चहा संपवला, पेला उपडा ठेवला आणि मैत्रिणीकडे नीट पाहिलं.

"कौसल्ये, हा तं वरचा थर हाये."

"काय?"

"गाडी वरच्या रस्त्यानं घेतली. बाग दावली, फाटक दावलं, सतरंजी घातली. एकतीस साल आपन दोघींनी पेट्या उलट्या केल्या, अन् मलेच वरचा थर लावून दाखवून राहिली तू?"

ताराबाईंना हसू फुटलं आणि लगेच त्यांनी ते आवरलं. कौसल्याबाईंनीच त्यांना एकदा सांगितलं होतं. पेटीत वर चकाकती, सारख्या आकाराची संत्री लावलेली असतात, खाली हिरवी, चेपलेली, सडू लागलेली. म्हणून छाटणीवाल्या बायकांचं पहाटेचं पहिलं काम म्हणजे पेटी उलटी करणं. वरून पाहून भाव करील तो नवखा.

"खालचं दाखव," सिंधूताई म्हणाली.

"खाली काही नाही. नाला हाये."

"मंग नाला दाखव."

कौसल्याबाई सतरंजीची घडी घालू लागल्या. घडी नीट बसेना. ताराबाईंनी दुसरं टोक धरलं.

खालच्या अंगाला गाडी मलब्यापाशी थांबवावी लागली. फुटक्या फरश्या, सिमेंटच्या गोण्या, एक निखळलेलं बेसिन. वास होता, आणि चांगलाच होता. सिंधूताईनं पदर नाकाला लावला, दुसऱ्या हातानं कौसल्याबाईंचा खांदा धरला आणि दोघी जपून पाय टाकत पुढे निघाल्या. एकीचे गुडघे, दुसरीचा दम. मागून ताराबाई. बाभळींच्या रांगेपलीकडे नाला तळ्यात पसरतो आणि पाणी घोट्याइतकं उथळ होतं, हे तिघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिथे सगळे होते.

काडीपाये चिखलात रांगेनं चालत होते, एकेक पाय उचलून, जणू साड्या भिजतील. पळीवाले माना इकडून तिकडे हलवत पाणी गाळत होते. दोन चित्रबलाक एका पायावर उभे, पाठीमागच्या पिसांवर गुलाबी रंग. आणि गाळावर, कोवळ्या गवतात, त्या 'दोन रेघी'. दहावीस नव्हे. बंधाऱ्यावर कधी दिसल्या नव्हत्या इतक्या. चरत होत्या, आपसात कुरकुरत होत्या, एखादी मान ताठ करून या तिघींकडे बघत होती आणि पुन्हा खाली वाकत होती.

कौसल्याबाईंनी मागे वळून बाभळींकडे पाहिलं. दोन वर्षं त्यांनी या पाखरांना बाभळीमागे जाताना पाहिलं होतं आणि ती वावरात जातात असं त्या धरून चालल्या होत्या.

सिंधूताईनं पदर नाकावरून कधी काढला ते तिलाही कळलं नसावं. उजव्या हाताचा अंगठा मात्र हलत होता. ताराबाईंनी ते पाहिलं. सिंधूताई पाखरं निवडत होती, मोठी, मधली, लहान.

मग ती म्हणाली, "हे खरं हाये तं."

"मी काय खोटं सांगत होते?"

"फोनवर पानी काचेवानी होतं." मग नजर पाखरांवरच ठेवून म्हणाली, "आता तुझा थर. पोराकडं झोपते कुठी तू?"

"हॉलमदी."

"ते रातीच समजलं. सोफ्याच्या मांगं गादीची वळकटी पाह्यली. अन् दिवसभर?"

कौसल्याबाईंनी पायानं एक खडा बाजूला सारला. "दिवसभर काय. ते दोघं आठले जातेत, राती आठले येतेत. चांगली हायेत पोरं, बोलत नाही असं नाही. थकून येतेत. पहिलं साल तं मी टीव्हीसंगं बोलत होते. हातगाडीवाल्याची संत्री निवडत होते, फुकटात. मॅडम भेटल्या, मंग बरं झालं."

ताराबाईंनी जिन्यात गाठून सगळं विचारलं होतं. मजला, गाव, नोकरी, मुलगा, सून. झोपता कुठे, हे दोन वर्षांत विचारलं नव्हतं.

"अन् फोनवर मले मजा सांगे," सिंधूताई म्हणाली.

"तू काहून सांगत होती मंग? रायपूर असं अन् रायपूर तसं!"

"रायपूर चांगलंच हाये. नातू शाळेत जाऊ लागला तवापासून घरात मी अन् कुकर. शेजारीन छत्तीसगडी बोलते, मी आपली हिंदी बोलते. दोघी माना हालवतो. सालभरापासून माना हालवून राहिलो आम्ही."

कौसल्याबाई आधी नाकातून हसल्या, मग तोंडभर. दोन रेघींपैकी चार दचकून उडाल्या, एक गिरकी घेऊन पुन्हा उतरल्या. सिंधूताईही हसत होती, चष्मा काढून पुसत होती.

राहवलं नाही तेव्हा ताराबाईंनीच विचारलं, "मग सिंधूताई, कोणत्या ढिगात टाकलंत आमचं बेसा?"

"मधल्या," सिंधूताई लगेच म्हणाली.

कौसल्याबाईंचं हसू थांबलं. "मधल्या?"

"पहिल्या नंबराचा माल दिल्लीले जात होता, कौसल्ये. आपन घरी कोनता नेत होतो?"

एकतीस वर्षं दोघींनी पदरात बांधून मधलाच माल घरी नेला होता. आकार साधा, साल घट्ट, आत गोड.

"खोली पाहू," सिंधूताई म्हणाली. "पन आधी दार, मंग नळ, मंग छत. तू मधे बोलू नको."

खोली पाहायला दुपार लागली. सिंधूताईनं दार चारदा लावलं, नळ सोडून बादली अर्धी होईतो थांबली आणि छताच्या कोपऱ्यातली ओल स्वतःच शोधून घरमालकिणीला दाखवली. कौसल्याबाई अंगणात शेवग्याखाली तोंड मिटून उभ्या होत्या. इतका वेळ गप्प राहिलेलं ताराबाईंनी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. ओल काढून द्यायचं कबूल झाल्यावर सिंधूताई बाहेर आली आणि म्हणाली, "माघपुनवेनंतर येते. पोराले सांगाले आठ दिवस पाहिजेत, अन् रडाले दोन."

आठाचे पंधरा झाले, पण ती आली. दोन रेघी मार्चच्या सुरुवातीला परत गेल्या. तोवर दोघी आठवड्यातून दोनदा नाल्याच्या बाजूनं जात, पदर नाकाला लावून.

कौसल्याबाई अजून मुलाच्या हॉलमध्येच झोपतात. दुपारचं जेवण मात्र त्या सिंधूताईच्या खोलीवर करतात.