करार वाचणारा पोस्टमन

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी रावेतच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "मावशी, बाबा गेले," आधी एवढंच ती म्हणाली, मग हळूहळू बाकीचं सांगितलं. सकाळचा चहा झाला होता, ते पेपर वाचत बसले होते, आणि पेपर हातातच राहिला... मी भोसरीला पोचले तेव्हा त्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. टपाल खात्यातली जुनी माणसं होती, चाकणच्या कारखान्यांतली होती, आणि कितीतरी चेहरे असे, की जे मला ओळखता आले नाहीत. बुद्धवंदना झाली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, "हे पुढारी होते का कुणी?" मी म्हटलं, "नाही, पोस्टमन होते." त्यांचा विश्वास बसला नसावा. यशवंत ओव्हाळ यांना जाऊन आता सव्वा महिना झाला. त्या गृहस्थांना तेव्हा द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज इथे देते आहे.

माझी बदली पिंपरीहून चाकणच्या पोस्टात झाली, तेव्हा ओव्हाळ तिथे बारा-तेरा वर्षांचे जुने झाले होते. मी काउंटरवर, ते बटवड्यावर. उंच, सडपातळ, गणवेशाला रोज कडक इस्त्री. सकाळी टपालाच्या पिशव्या उघडल्या, की बाकीचे पोस्टमन भराभर आपापल्या गावांची, वाड्यांची पत्रं वेगळी करत. ओव्हाळ मात्र परदेशी पाकीट आलं की ते क्षणभर उजेडात धरून तिकीट बघत. मला वाटलं, तिकिटं जमवायचा नाद असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षापासून कोरियाची पाकिटं वाढलीत. बघा, लवकरच इथं कोरियन कारखाना येणार." आणि खरंच, काही महिन्यांनी ती बातमी छापून आली. औद्योगिक पट्ट्यात कोण येणार, कोण जाणार, हे त्यांना पाकिटांवरून पेपरच्या आधी कळायचं. हळूहळू मी त्यांची 'मॅडम'ची 'ताई' झाले आणि ते माझे 'भाऊ'.

या सवयीमागचं कारण मला पुष्कळ उशिरा समजलं. त्यांचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात होते. एका सकाळी ते पहिल्या शिफ्टला गेले तर गेटला कुलूप आणि कुलपाशेजारी इंग्रजीतली नोटीस. जमलेल्या कामगारांतल्या एकालाही ती धड वाचता येईना. शेवटी समोरच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकाने वाचून दाखवली. "वडिलांना नोकरी गेल्याचं दुःख झालंच," भाऊ म्हणाले, "पण त्याहून जास्त लागलं ते हे, की आपली नोकरी गेली हे एका परक्या माणसाला आपल्या आधी कळलं." तेव्हा ते नववीत होते. कागद आपल्याला आधी वाचता आला पाहिजे, हे त्यांनी तिथंच मनाशी धरलं असावं.

म्हणून आमच्या टपाल कामगार संघटनेच्या एका सभेत जागतिक व्यापाराच्या करारांवरची झेरॉक्स वाटली गेली, तेव्हा ती घरी नेणारे ते बहुधा एकटेच असतील. बाकीच्यांनी तिच्यावर वडापाव खाल्ला. दुसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळी ते माझ्याकडे आले. "ताई, तुमचं कॉमर्स झालंय. हे एवढं समजावून सांगा." मजकूर असा होता, की देशादेशांत सेवांचा व्यापार खुला करायचा असेल तर टपालही त्यात येतं. सरकारी टपाल खातं शहरातल्या धंद्यातून जे मिळवतं, त्यावर खेड्यातला बटवडा चालवतं. ही बरोबरीची स्पर्धा नव्हे, असं मोठ्या कुरियर कंपन्यांचं म्हणणं. मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी पोळीचा घास हातातच ठेवला. "म्हणजे एमआयडीसीतल्या पार्सलानं वाडीवरच्या पत्राला हात द्यायचा नाही?"

"तसंच म्हणतायत."

"मग वाडीवरचं पत्र पोचवणार कोण?"

"ते इथं लिहिलेलं नाही, भाऊ."

"जे लिहिलेलं नाही तेच बघायला पाहिजे मग," ते म्हणाले आणि जेवायला लागले.

पुढची दोन-तीन वर्षं आमच्या डब्याच्या वेळा अशाच गेल्या. ते कुठून कुठून कागद मिळवत. एकेका परिच्छेदाला आठवडा लागे. ऑफिसात चेष्टा व्हायची. "राव, तुम्ही आता व्यापारमंत्रीच व्हा," असं कुणी म्हटलं, की ते हसून म्हणत, "मंत्र्याला पत्रं वाटायचं बीट सांभाळायला लागत नाही." पण चेष्टा करणारेही अडीअडचणीला त्यांच्याकडेच येत. इतर देशांत टपालाचं काय झालं हे ते शांतपणे सांगत. कुठे पोस्टमन ठेकेदाराकडे गेले, कुठे बटवडा आठवड्यातून काहीच दिवसांवर आला. त्यांचा आवाज कधी चढलेला मला आठवत नाही.

त्यातच प्रज्ञाला नोकरी लागली, आणि लागली तीही चाकणच्याच एका परदेशी कुरियर कंपनीच्या गोदामात. पेढे द्यायला त्यांनी मला घरी बोलावलं. जेवताना प्रज्ञा हसत हसत म्हणाली, "मावशी, बाबा ज्या करारांच्या विरोधात वाचतात ना, त्यांच्यामुळेच माझी नोकरी आहे. इथले सुटे भाग बाहेर जातात म्हणून आमचं गोदाम चालतं." मला वाटलं, आता वाद होणार. भाऊंनी तिच्या ताटात भाजी वाढली. "मी विरोधात वाचत नाही गं," ते म्हणाले. "मी नुसतं वाचतो. माल बाहेर जावा, तुझं गोदाम चालावं. पण दोन देश बसून लिहितात तेव्हा तुझं नाव त्यात कुठं आहे, माझं कुठं आहे, एवढं बघायला नको?" प्रज्ञा म्हणाली, "आणि नसलं तर?" भाऊंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. ती आत गेल्यावर मला म्हणाले, "बरोबर विचारलं तिनं."

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची संधी त्यांना एकदाच मिळाली. एका होऊ घातलेल्या कराराबद्दल उद्योजकांची मतं ऐकायला दिल्लीहून अधिकारी पुण्यात येणार होते. संघटनेने खटपट करून टपाल कामगारांसाठी तीन मिनिटं मागून घेतली, आणि बोलायला कुणीच तयार होईना म्हणून ती भाऊंच्या वाट्याला आली. आदल्या दिवशी बटवडा आटोपून ते टेकडीपलीकडच्या वाडीवर हौसाबाई नावाच्या म्हातारीकडे गेले. तिचा मुलगा कारखान्यात असताना वारला होता आणि त्याच्या कंपनीकडून तिला काही कागद आले होते. भाऊंनीच ते पोचवले होते. आता त्यांनी तिच्याकडे ते रिकामं पाकीट मागितलं.

"नुसत्या पाकिटाचं काय करतोस बाबा?" तिनं विचारलं.

"पुण्याला एकाला दाखवायचंय, आजी."

"न्हे. पर आतला कागद मी द्यायची न्हाई."

"कागद नकोच मला."

"व्हय? मग न्हे," म्हातारी म्हणाली आणि गोधडीखाली जपून ठेवलेलं पाकीट तिनं काढून दिलं.

मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले होते. मोठं हॉटेल, थंडगार हॉल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. भाऊ गणवेशात होते. आरशासमोर पाठ केलेली इंग्रजीतली चार वाक्यं त्यांनी न अडखळता म्हटली, मग हिंदीत बोलायची परवानगी मागितली आणि खिशातून ते पाकीट काढलं. त्यावर दोन लेबलं होती. खाली एका खाजगी कुरियर कंपनीचं, आणि त्यावर अर्धवट चिकटवलेलं आमच्या पोस्टाच्या रजिस्टर टपालाचं. भाऊंनी सांगितलं ते असं: मृत मुलाच्या कंपनीने कागद कुरियरने पाठवले. कुरियर कंपनीने चाकणपर्यंत आणले. पुढे वाडीवर त्यांचा माणूस जात नाही, म्हणून त्यांनी तेच पाकीट आमच्या काउंटरवर रजिस्टर केलं आणि भाऊंनी ते पोचवलं. "जी कंपनी म्हणते की टपाल खात्यामुळे तिला बरोबरीची संधी मिळत नाही," ते म्हणाले, "तिलासुद्धा शेवटच्या तीन किलोमीटरला टपाल खातंच लागतं. करारात हे कुठं लिहिणार आहात?"

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वो एरिया हमारे लिए सर्विसेबल नहीं है."

"मालूम है, साहब," भाऊ म्हणाले. "तेवढंच लिहा मग, की सर्विसेबल नाही."

हॉलमध्ये थोडं हसू झालं. समोरच्या अधिकारी बाईंनी पाकीट मागून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि वहीत काहीतरी लिहिलं. तीन मिनिटं संपली. परतताना शिवाजीनगरहून बसने आलो. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. नाशिक फाट्याशी एकदम म्हणाले, "बाईंनी काय लिहिलं असेल हो?" ते आम्हाला कधीच कळलं नाही. त्या वाटाघाटी पुढे भलत्याच कारणाने रेंगाळल्या. दुसऱ्या दिवशी भाऊ पाकीट वाडीवर परत देऊन आले.

करार रेंगाळला तरी पोस्ट बदलत गेलं. जे निवृत्त होत त्यांच्या जागा रिकाम्याच राहत. पार्सलाला कंत्राटावरची माणसं आली. मी एकदा चिडून म्हटलं, "बघा भाऊ, तुम्ही वाचलं होतं तसंच झालं." त्यांनी मान हलवली. "करार तर अजून झालाच नाही, ताई. सगळंच बाहेरून येतं असं नाही. काही गोष्टी आपण घरीच करतो." हा त्यांचा प्रामाणिकपणा मला तेव्हा थोडा खटकला होता, कारण भांडायला मला एक सोपा शत्रू हवा होता.

मग प्रज्ञाच्या गोदामात पाकिटं वेगळी करणारं यंत्र आलं आणि तिच्यासकट अनेकांना 'आठ दिवसांत काम थांबेल' असा निरोप मिळाला. तिनं घरी येऊन ते सांगितलं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, सांगत नव्हतो का... भाऊंनी फक्त विचारलं, "नेमणुकीचा कागद कुठाय?" रविवारी तिच्या मैत्रिणी त्यांच्या पुढच्या खोलीत जमल्या. भाऊंनी प्रत्येकीचा कागद ओळीओळीने वाचला. नवव्या कलमात एक महिन्याची आगाऊ सूचना लिहिली होती. त्यांनी अर्ज लिहून दिला नाही, मुलींकडूनच लिहवून घेतला. महिना मिळाला. त्या महिन्यात प्रज्ञाने तळेगावला दुसरी नोकरी शोधली. सगळ्यांना नाही मिळाली. ज्यांना मिळाली नाही त्यांची नावं भाऊ कधी विसरले नाहीत, भेटलं की विचारत, "तिचं काय झालं?"

निवृत्तीनंतरही त्यांचं वाचन थांबलं नाही. जाण्याच्या पंधरा दिवस आधी ते रावेतला माझ्याकडे आले होते. एका नव्या कराराचा मजकूर जाहीर झाला होता, प्रज्ञाने त्याची प्रिंट काढून दिली होती. जाडजूड गठ्ठा. "ताई, यात कामगारांवर एक वेगळं प्रकरण आहे," ते म्हणाले. आवाजात मला किंचित आनंद जाणवला. मी विचारलं, "काय आहे त्यात?" म्हणाले, "अजून तिथवर पोचलो नाही. क्रमानं वाचतोय." पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा चहा घेतला आणि निघाले.

मागच्या आठवड्यात मी भोसरीला गेले. प्रज्ञाची सुट्टी होती. आम्ही बोलत असताना अकराच्या सुमाराला दारात पोस्टमनबाई आल्या. कंत्राटावरच्या, नवीन. त्यांनी दोन पाकिटं पुढे केली आणि प्रज्ञाने सही केली. पाकिटांवरची नावं मला अनोळखी होती, एक परभणीकडचं, एक बिहारचं. नावाखाली लिहिलं होतं, 'द्वारा य. ओव्हाळ'. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आजूबाजूच्या खोल्यांमधली माणसं, मावशी. शिफ्ट बदलली, भाडं वाढलं, की खोली बदलतात. बँकेची, परीक्षेची पत्रं परत जायची. बाबा त्यांना म्हणायचे, माझा पत्ता लिहा, मी कुठं जात नाही." घरात एक वही होती. नाव, सध्याची खोली, फोन. शेवटच्या काही नोंदी प्रज्ञाच्या अक्षरात होत्या.

"चल, एक मागच्याच गल्लीत आहे," ती म्हणाली. आम्ही तीन जिने चढून गेलो. दुसऱ्या शिफ्टचा माणूस झोपेतून उठून दाराशी आला. पाकीट हातात घेऊन त्याने आधी आपलं नाव वाचलं, मग खालची ओळ.

"ओव्हाळसाहेबांकडून?" त्याने विचारलं.

"हो," प्रज्ञा म्हणाली.