काकूंची नकली

"काकू नहीं रहीं," असा मेसेज त्या सकाळी कुसुमकाकूंच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर आला, आणि त्याखाली पहिलं उत्तर पडलं ते बरुआसागरच्या रामवतीजींचं : "काकीजी, फोन ने फिर ग़लत छाप दिया क्या?" मी वाचलं आणि चक्क हसले. मग हसता हसताच रडायला लागले... काकू बोलायच्या एक आणि त्यांचा फोन लिहायचा भलतंच, हे अख्ख्या ग्रुपला ठाऊक होतं. पण या वेळी त्याच फोनवरून लिहिणारा त्यांचा मुलगा मिलिंद होता, आणि काहीही चुकलं नव्हतं. दीड महिना झाला. चारच्या सुमारास समोरून भाजणीचा वास येतो का, म्हणून मी अजून खिडकीत जाऊन उभी राहते.

झाशीच्या सीपरी बाजारात आमची घरं समोरासमोर. काका रेल्वेत गार्ड होते. ते गेल्यावर मिलिंद पुण्याहून आला आणि म्हणाला, "आई, एकटी काय करणार इथे? चल." काकूंना जायचं नव्हतं. आमचं झाशीचं मराठी म्हणजे निम्मी हिंदी, त्यावर पुण्यात त्यांना सगळे हसायचे. "इथे मी मराठीण आणि तिथे हिंदीवाली! मग इथलीच बरी की," असं त्यांचं म्हणणं. पण नेमकी त्याच वर्षी त्यांची चकली विकायला ठेवणाऱ्या मानिक चौकातल्या दुकानदाराने पाकीटबंद माल सुरू केला आणि "अब नहीं, माताजी" म्हणून हात जोडले. मिलिंदने मुदत घातली. दिवाळीपर्यंत घरून चकली विकून दाखवलीस तर राहा, नाही तर सामान बांधायचं.

फोन शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत कंप्यूटर शिकवलेली बाई, त्यामुळे स्वतःला जरा जास्तच शहाणी समजते. काकूंचे हात सदा पिठात. म्हणून फोन पारदर्शक पिशवीत घालून वर रबर लावलं. बोटाच्या पेराने माइकचं बटण दाबायचं आणि बोलायचं, फोन आपला लिहून घेईल. गिऱ्हाईक सगळं हिंदी, म्हणून फोनची भाषाही मी हिंदी ठेवली. तिथेच मी माती खाल्ली. काकूंच्या तोंडची चकली काही त्या फोनला कळली नाही, आणि चष्मा न लावता काकूंनी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर सगळ्यांना धाडून दिलं : "घर की ताज़ी नकली. एक बार खाओगे तो याद रखोगे."

मी अनवाणीच धावत सुटले. "काकू, अहो नकली गेलंय सगळ्यांना, नकली!"

काकूंनी पिठाची परात बाजूला सारली. "अगं बाई... आता कोण घेणार माझ्याकडून? सुटलं गं वंदे माझं सीपरी." डोळ्यांत पाणी. मी मेसेज पुसून टाकायला फोन घेतला, तर तो त्यांनी पिठाच्या हातानेच हिसकावला. "थांब. पुसलं तर खरंच लबाडी केल्यासारखं दिसेल." आणि या वेळी लिहवून न घेता त्यांनी आपला आवाजच पाठवला : "भैया, दीदी, झूठ फोन ने बोला है, मैंने नहीं. चकली है. खाकर देखिए. नकली निकले तो डिब्बा मेरे सिर पर मारिए."

अर्ध्या तासात रामवतीजींचा निरोप आला, "काकीजी, दो डिब्बे नकली बस से भिजवा दो." मग काय विचारता! जो तो नकलीच मागायला लागला. दिवाळीच्या तोंडावर मिलिंद सामान बांधायला आला, तर काकूंनी त्याला सोऱ्या फिरवायला बसवलं. चांगले तीन दिवस! जाताना दुखरे तळहात चोळत मला म्हणाला, "मावशी, आई काही येत नाही आता." इतका खुशीत हरलेला माणूस मी पाहिला नाही. डब्यांवर काकूंनी चिठ्ठीच छापून घेतली, "काकू की नकली". रामवतीजी आल्याचं लोणचं घालायच्या, त्यांनाही फोनवर विकायला काकूंनीच शिकवलं. त्या घाबरायच्या, "ग़लत हो गया तो, काकीजी?" "होने दो जी! ग़लती से ही तो मेरी दुकान चली." मूळ चूक माझी, तर माझा वाटा कुठे, असं मी भांडले की "हा घे वाटा" म्हणत तुटकी चकली माझ्या तोंडात कोंबायच्या. फार हसलो आम्ही त्या घरात. फार.

गेल्या आठवड्यात मिलिंदने घर आवरलं आणि फोन माझ्या हातात ठेवला. तीच पिशवी, तेच रबर, कडेला वाळलेलं पीठ. "मावशी, हा तेवढा बंद करून टाका." बरं म्हटलं. पण करण्याआधी काय वाटलं कोण जाणे, माझ्या फोनवरून लिहिलं, "काकू?" पिशवीतला फोन थरथरला आणि लगेच उत्तर आलं. काकू कामात असल्या की आपोआप जाणारं ते वाक्य मीच कधीतरी त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं, आणि फोनने आयुष्यात तेवढं एकच बरोबर लिहिलं होतं : "हाथ आटे में हैं जी. रुकिए, आती हूँ."

बंद करा म्हणाला खरा मिलिंद. पण काकूंना सीपरीतून हलवणं त्याला जमलं नाही, तिथे मला काय जमणार? मी फोन चार्जिंगला लावला.