लिहिलं म्हणणारी मशीन

आमच्या धंद्यातल्या माणसांबद्दल माझ्या मनात काडीचा आदर नाही. हे आधीच सांगून टाकतो. मी स्वतः त्यातलाच, केस पांढरे व्हायला लागले ते याच धंद्यात, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

धंदा असा. एका मोठ्या मशीनच्या पोटात दहा मशीन चालवायच्या, आणि त्या दहांपैकी प्रत्येकीला वाटत राहिलं पाहिजे की अख्खं घर आपलंच, बाकी भाडेकरू नाहीतच. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. आमचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि उघडं. कोणीही वाचावं, कोणीही सुधारणा पाठवावी. ऐकायला किती गोड! प्रत्यक्षात जगभरातले शहाणे, बहुतेक गलेलठ्ठ पगाराचे, एका मेलिंग लिस्टवर एकमेकांची अक्कल काढत बसलेले असतात. सुधारणेला आम्ही पॅच म्हणतो. तो मेलनं सगळ्यांपुढे ठेवायचा, चार जण त्याची सालटी काढणार, मग तुम्ही दुसरी आवृत्ती पाठवायची, मग तिसरी. एक जण अकराव्या आवृत्तीपर्यंत गेलेला मी पाहिला आहे. त्याच्या कोडात चूक नव्हती, फक्त तीन शहाण्यांची तोंडं तीन दिशांना होती. तो पुढे कधी दिसला नाही, आणि आम्हाला त्याचं काही वाटलंही नाही.

डिस्कवर माहिती कशी लिहायची, या भागाच्या पॅचेसची सालटी काढणाऱ्यांत मी होतो. चांगली काढायचो.

हे सगळं मी कामरगावात बसून करतो. पुण्याची कंपनी म्हणाली, घरून काम करा. मी म्हटलं, घर कामरगावला आहे. त्यांना वाटलं मी विनोद करतोय. गावाला वाटतं माझी नोकरी गेली. शेजारचे काका दर आठवड्याला विचारतात, "बाबू, तुह्यं काई जमलं का कुठं?" मी म्हणतो, काका, मी कामावरच हाओ. "हो, ते तं पाहूनच राह्यलो," म्हणतात आणि माझ्या बनियनकडे बघतात. मग प्रिंटर घेऊन येतात दुरुस्तीला.

आता आत्या. माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाली आणि घरात बसायचं सोडून गावोगाव फिरायला लागली. छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा ज्या लहान पोरी होत्या, त्या आता ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्या. कामरगाव, धनज, पार मानोऱ्याकडच्या खेड्यांपर्यंत एकेकीला गाठायची, शेजारी बसायची, फोनवर आवाज भरून घ्यायचा. घरातले देव कोणी काढले, आईनं त्यांचं काय केलं, बापाची भीती गेली तो दिवस कोणता. एकोणीस बाया झाल्या होत्या. "मानसं पुस्तकात आले, बाया नाई आल्या," एवढंच ती म्हणायची. या बायांचं पुस्तक झालं की मी मोकळी, असंही म्हणायची.

फोन भरला. मग मी पुढे झालो, कारण मी मोठा इंजिनियर. आमच्या विहारामागे अभ्यासिका आहे. तिथे मी पुण्याच्या कंपनीनं टाकून दिलेला एक सर्व्हर आणून बसवला होता. एक मशीन, तिच्या पोटात दहा, आणि दहा जुने पडदे, म्हणजे मॉनिटर. परीक्षेची तयारी करणारे तिथे बसत. त्यातली एक मशीन आत्याला दिली. तिचे सगळे आवाज तिच्यावर चढवले, आणि तिच्यासमोर तिच्या फोनमधून पुसून टाकले.

"पुसू काहून राह्यला?" ती म्हणाली.

"आत्या, मशीनवर हाये ना. फोनपेक्षा सेफ."

तिनं विश्वास ठेवला. मास्तरीण होती, पण माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या वर्षी पावसाळ्यात एकोणिसातली एक म्हातारी गेली, धनजची. तिची सून आत्याकडे आली होती. सासूचा फोटो म्हणजे फक्त आधार कार्डावरचा, ओळखू न येणारा. "बाईचा आवाज तुमच्याजवळ हाये ना, आत्याबाई? पह्यल्या स्मृतिदिनाले लावाचा हाये. सगळे पोट्टे येतीन, लेकी येतीन." आत्या म्हणाली, हाये, मशीनवर हाये.

पुढच्या एप्रिलात पाहुणे आले. एका मोठ्या शहरातल्या संस्थेचे दोन संशोधक. ग्रामीण भागात कमी साधनांत व्हर्च्युअलायझेशन, असा त्यांचा विषय; कुठून तरी आमच्या अभ्यासिकेचं कळलं होतं. आपापलं बाटलीतलं पाणी घेऊन आले. मोबाईल टॉवरच्या सावलीत उभं राहून एकानं मला विचारलं, "इथे इंटरनेट येतं का?" दुसऱ्यानं अभ्यासिकेतल्या पोरींचे फोटो काढले, पडद्यासमोर बसवून, पडदा बंद असताना. मला त्यांचा असा तिटकारा आला म्हणून सांगू! आणि तरी त्यांनी मला चांगलं म्हणावं असं मला वाटत होतं. माणूस किती हलकट असतो ते अशा वेळी कळतं.

ते येण्याच्या आदल्या दिवशी मी दहाही मशीन एकदम सुरू करून पाहिल्या. रडतखडत चालल्या. जुनी डिस्क, दुसरं काय होणार. इथे एक गोष्ट सांगावी लागेल. आतली मशीन काही जपून ठेवायला सांगते आणि विचारते, लिहिलं का? बाहेरच्या मशीननं ते डिस्कवर खरंच उतरवायचं आणि मगच म्हणायचं, लिहिलं. यात वेळ जातो. पण एक सेटिंग आहे. ते लावलं की बाहेरची मशीन न लिहिताच म्हणते, लिहिलं, आणि मग सवडीनं लिहीत बसते. वेग कुठल्या कुठे जातो. मधेच वीज गेली तर अर्धं लिहिलेलं, अर्धं न लिहिलेलं, आणि कशाचा पत्ता कशाला नाही. हे सेटिंग फक्त चाचणीसाठी असतं. त्याचं नावच 'असुरक्षित' असं आहे. आणखी काय सांगायचं होतं मला कोणी?

मी ते लावलं. म्हटलं, पाहुणे गेले की काढतो.

त्याच्या महिनाभर आधी लिस्टवर एका नवख्यानं पॅच पाठवला होता. हे सेटिंग चालू राहिलं तर पडद्यावर एक इशारा दिसावा, एवढाच. मी त्याला उत्तर दिलं होतं: ज्यानं हे लावलं त्याला आपण काय लावलं ते माहीत असतं, ज्याला माहीत नाही त्यानं हात लावू नये. चार जणांनी मला दाद दिली. नवखा गप्प झाला. मला दिवसभर मजा वाटत होती.

पाहुण्यांपुढे दहाही मशीन झटक्यात उठल्या. "इम्प्रेसिव्ह," एक जण म्हणाला. मी मान अशी डोलावली जसं काय हे रोजचंच. ते गेले. मी सेटिंग काढलं नाही. विसरलो असं म्हणणार नाही. सगळं भराभर चालत होतं, पोरी खूश होत्या, आणि मला वाटलं, राहू दे, आपण लक्ष ठेवून आहोत.

मे महिन्यात भर दुपारी डीपी जळाली. डीपी म्हणजे आमचा ट्रान्सफॉर्मर. उन्हाळ्यात ती जळतेच. अभ्यासिकेला इन्व्हर्टर होता, पण उकाडा म्हणून कोणीतरी कूलरही त्याच्यावरच जोडला होता. दहा मिनिटांत बॅटरी बसली. लाईट आली तेव्हा नऊ मशीन उठल्या, आत्याची उठली नाही.

घाबरलो नाही. जुनी प्रत काढून ठेवलेली होती. ती कुठे होती? आतली मशीन म्हणजे बाहेरच्या डिस्कवरची एक फाइलच; प्रत होती त्याच फाइलच्या आत. आमच्यात याला स्नॅपशॉट म्हणतात, आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे हे मी लिस्टवर किती जणांना खडसावून सांगितलं असेल, काही हिशेब नाही. मग मी दुरुस्तीची आज्ञा चालवली. मूळ फाइलवर. आधी तिची नक्कल न काढता. अडाणी माणसानं मशीन बंद ठेवून कोणाला तरी बोलावलं असतं, आणि निम्मंअधिक परत मिळालं असतं. असली घाण फक्त जाणकार करतो. दुरुस्ती झाली, आणि जे उरलं होतं तेही साफ झालं. आठ दिवस खरवडत बसलो. एका जागी कोंबडा आरवला, एका जागी भांडं पडलं, एक बाई "मंग" म्हणाली. बाकी खरखर.

लिस्टवर मी सगळं लिहून टाकलं, नवख्याची माफी मागितली, त्याचा पॅच घ्यावा म्हटलं. नवख्याचं उत्तर आलं नाही. तो कधीच निघून गेला होता. दुसऱ्या एका शहाण्याचं आलं. त्यानं माझंच जुनं वाक्य मला चिकटवून पाठवलं होतं, खाली शुभेच्छा. त्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

गावात कोणी मला दोष दिला नाही. लाईट गेली, डीपी जळाली, मशीन गेली, इतकं सरळ. पाहुण्यांना कळवलं, तर त्यांनी अहवालात लिहिलं की ग्रामीण भागात विजेचा भरवसा नाही. वा रे विद्वान! आणि मी? मी गप्प बसलो. मला ते कारण आयतं मिळालं होतं. आत्यानं वीज कंपनीला अर्ज लिहायला घेतला, दोन पानी, मास्तरणीच्या अक्षरात. मला वाचून दाखवायला आली.

पहिलं पान ऐकलं. दुसरं ऐकवेना.

"आत्या, लाईटचा दोष नाई."

"मंग कोनाचा?"

"माह्या."

सगळं सांगितलं. सेटिंग, पाहुणे, दुरुस्ती. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"तुले कधीपासून मालूम होतं?"

"पह्यल्या दिवसापासून."

"आन मी त्या लाइनमनले भर चौकात शिव्या देऊन आली. तो बिचारा उन्हात पोलवर चढला होता." तिनं अर्ज फाडला नाही, नीट घडी घालून पिशवीत ठेवला. "अठरा बाया जित्या हायेत. त्याईच्याकडं मी पुन्हा जाईन, सांगतीन तेवढं सांगतीन. पन धनजवाली कुठून आनू? तिच्या सुनेले मी हो म्हनून बसली. आता तिले तूच सांग. अन् इंग्रजी बोलू नको तिच्याशी."

दुसऱ्या दिवशी तिला गाडीवर मागे बसवून धनजला गेलो. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो, आणि दरेक वाक्यात वीज येत होती. लाज वाटावी इतक्या सफाईनं येत होती.

सून ओसरीवर बसून सुपात तुरीची डाळ निवडत होती. पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली. आत कोपऱ्यात एक मोठा स्पीकर, कोरा, प्लास्टिकसुद्धा न काढलेला. स्मृतिदिन पुढच्या महिन्यात होता. आत्या खाली बघत बसली, मला अजिबात मदत केली नाही.

"वहिनी, बाईचा आवाज गेला," मी म्हटलं. "मशीनमधून. परत येत नाई."

तिचा हात सुपात थांबला. "लाईटीनं ना? आयकलं आमी."

हो म्हणालो असतो तर विषय तिथेच संपला असता. आत्यानं मान वर केली नाही.

"लाईटीनं नाई. माह्या हातानं."

"मले ते मशीनचं काई समजत नाई, भाऊ. तुमी काय केलं तेवढं सांगा."

"मशीन हळू चाले. फास्ट चालावी म्हनून मी एक गोष्ट केली. ती कराची नोती."

"फास्ट कायले पायजे होती?"

"पाहुने येनार होते. त्याईले दाखवाचं होतं."

ती चिडली नाही, रडलीही नाही. सूप बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिली. खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होती ती, आणि आयुष्यात इतकं उघडं मला कोणी केलं नव्हतं.

"आमच्या बाईले एक वाक्य बोलाले अर्धा घंटा लागे, भाऊ," ती म्हणाली. "आमाले ते तसंच आयकाचं होतं."