सहीसाठी दादा येणार होता

मंगळवारी दुपारी बरोबर तीनला, राहुकाळ लागता लागता, हे सगळं सुरू झालं. बनशंकरीच्या देवळात आम्ही बायका लिंबं कापून, रस पिळून, सालं उलटी करून त्यात दिवे लावत होतो. मी सहज बोलून गेले, "पुढच्या महिन्यात दादा येतोय. अण्णांच्या घरावरचा आणि रानावरचा हक्क मी सोडला, असं लिहून हवंय त्याला."

झालं! माहेरच्या वाट्याच्या गोष्टी प्रत्येकीकडे असतातच, पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या. एकीने पेटी उघडली की सगळ्या उघडतात. मग दर मंगळवारी दिवे कमी आणि किस्से जास्त!

मीही हसायचे, पण सही डोक्यातून जात नव्हती. माझे वडील, अण्णा, गेल्या वर्षी गेले. छप्पन सालच्या नव्या कायद्याने मुलीलाही वाटा आहे, एवढं मला कळत होतं. सही केली तर माझ्या लेकीसाठी, छबीसाठी, माझं म्हणून काही उरणार नव्हतं. नाही केली तर माहेरचं दार बंद!

*

गोदाक्कांचं घराणं इथं कानडी मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेलं. वडिलांची देवनहळ्ळीला पपनसाची बाग. वडील गेले, तेव्हापासून धाकटा भाऊ दर वर्षी पोतंभर पपनसं आणून टाकायचा. "अक्का, हा तुझा वाटा!"

एकदा अक्कांनी विचारलं, "झाडं कुणाची रे?"

"आमची."

"सरी, बरं. मग असं करू. झाडं मला दे. पोतं मी तुला पाठवीन, दर वर्षी, न चुकता!"

आता पपनसं बसने येतात. भाऊ येत नाही.

*

नलूताई पुण्याच्या. त्यांचे वडील सभांतून मुलींच्या हक्कांवर बोलत, टाळ्या पडत. कायदा झाला तेव्हा त्यांनी लेकीला त्याचं पुस्तक पाठवलं, महत्त्वाच्या ओळींखाली स्वतः लाल रेघा मारून! आणि मृत्युपत्र? सगळं मुलाच्या नावे.

नलूताईंनी विचारलं तर म्हणाले, "अगं, तुला निदान कायदा ठाऊक आहे. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही!"

*

कुसुमची आई लवकर गेली. दोन्ही भावांना हिनेच वाढवलं. गेल्या साली वडीलही गेले. वकील म्हणाला, "घरात तुमचा वाटा आहे, पण वाटणी तुम्हाला मागता येणार नाही. भावांनी आपसात घर वाटून घेतलं, तरच तुमचा वाटा वेगळा."

आणि भाऊ तर एका ताटात जेवणारे!

त्या मंगळवारी दिवा लावून ती कितीतरी वेळ हात जोडून उभी राहिली. गोदाक्का म्हणाल्या, "एवढं काय मागते आहेस गं?"

"तेच कळेना, अक्का. भांडण लागू दे असं म्हणवत नाही. मग म्हटलं, देवी, त्यांचं प्रेम स्वल्प कमी कर!"

आम्ही खूप हसलो. तिने पदराने डोळे पुसले आणि विझत आलेल्या दिव्यात पुन्हा तेल घातलं.

*

आमच्या ह्यांची तर वेगळीच तऱ्हा. फॅक्टरीतून आले, बूट काढता काढता म्हणाले, "सही करून टाक. आपल्याला काय कमी आहे?"

मी म्हटलं, "आणि उद्या तुमच्या ताईंनी तुमच्याकडे वाटा मागितला तर?"

"ती नाही मागायची."

"कशावरून?"

"अगं, ती चांगली आहे!"

मी उठून चहा टाकला. सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि दादा कॉलेजात गेला, तेव्हा मीही चांगलीच होते.

*

शेवटी दादा आला. मला साडी, छबीला परकराचं कापड, आईने दिलेल्या कुरडया. पिठलं-भाकरी मागून खाल्ली. छबीला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचला. माझ्या मनात आलं, याच्याशी का कुणी भांडतं?

जेवणानंतर सुपारी कातरता कातरता तो सांगू लागला, "यंदा फार धावपळ झाली बघ, शकू. तुझ्या वहिनीचे वडील गेले ना, तिचे भाऊ दादच देईनात! मी म्हटलं, वा रे वा, कायदा आहे की नाही? एक वकील गाठला सोलापूरचा. असला हुशार माणूस! एका नोटिशीत सरळ झाले सगळे. तिचा वाटा पडला तिच्या पदरात."

"बरं झालं," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

मग त्याने पिशवीतून कागद काढला. पेनचं टोपण स्वतः उघडून दिलं. "इथे कर सही. म्हणजे मी मोकळा."

छबी त्याच्याच मांडीवर बसून सुपारीची पुडी उलगडत होती. मी टोपण पुन्हा लावलं आणि पेन खाली ठेवलं.

"दादा, वहिनींना माझा एक निरोप सांगशील?"

"सांग की!"

"म्हणावं, त्या वकिलांचा पत्ता तेवढा शकूला कळवा."